पट्टी हरवली नव्हती

आमच्या घरून गोळ्यांची एक पट्टी हरवली आणि ती माझ्या हयगयीमुळे हरवली, अशी नोंद मी ज्या कंपनीत चौतीस वर्षे नोकरी केली तिच्या दप्तरी आज आहे. ती नोंद माझ्या मोबाइलवरून झाली, हेही खरे आहे. परंतु पट्टी हरवली नव्हती, हयगय मी केली नव्हती आणि ती नोंदही मी केलेली नाही. हे मानायला चिखलीत कोणी तयार नाही, म्हणून लिहून ठेवणे मला भाग आहे.

या प्रकरणाच्या निदान तीन आवृत्त्या सध्या फिरत आहेत. पुण्यात असलेल्या माझ्या मुलाचे म्हणणे असे, की बाबांचे वय झाले, आईला एकदा दिलेली गोळी ते विसरून पुन्हा देत असणार. माझे मेव्हणे, म्हणजे पत्नीचे धाकटे बंधू, सांगतात की मी हट्टाने गोळ्या आणल्या नाहीत आणि त्यामुळे त्यांच्या बहिणीला झटका येऊन ती पडली. बाजारातल्या ज्या चहाच्या टपरीवर मी कधी पाऊल ठेवलेले नाही, तिथे तर मी मेडिकलच्या काउंटरची काच फोडल्याचे सांगतात. काच शाबूत आहे. ज्याला शंका असेल त्याने जाऊन पाहावी. तिच्या कोपऱ्यात एक जुनी चीर आहे, पण ती सध्याच्या दुकानदाराचे वडील गल्ल्यावर बसत तेव्हापासूनची आहे.

माझ्या पत्नीला झटक्यांचा आजार आहे. सकाळी एक आणि संध्याकाळी एक गोळी घेतली की ती तुमच्याआमच्यासारखी असते. किंबहुना माझ्यापेक्षा बरी असते. गोळी चुकली की काय होते, ते मी एकदा पाहिले आहे. बीबी या गावी माझ्या पुतणीचे लग्न होते आणि गोळ्यांची पिशवी चिखलीलाच राहिली होती. पहिला दिवस निभावला. दुसऱ्या दिवशी दुपारी पंगत बसलेली असताना ती वाढता वाढता पडली, वरणाच्या भांड्यासकट. तिचे डोळे तेव्हा कसे झाले होते, ते मी कोणाला सांगितलेले नाही आणि इथेही सांगणार नाही. त्या दिवसापासून गोळ्या माझ्या ताब्यात आहेत. सकाळची मी देतो, संध्याकाळची मी देतो आणि दिल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात रेघ ओढतो. सकाळची आडवी, संध्याकाळची उभी. एका चौकोनात दोन आडव्या रेघा कोणाला सापडल्या, तर मुलाचे म्हणणे मी मान्य करीन.

मी कंपनीत भांडारपाल होतो. माझ्या गोदामात हजारो जिनसा होत्या आणि त्यांतली प्रत्येक जिन्नस एक तर फळीवर असे, एक तर कोणाला दिलेली असे, नाही तर मोडून बाजूला ठेवलेली असे. हरवलेली, असा चौथा प्रकार माझ्याकडे नव्हता. माझ्या हाताखालचे लोक यावरून पाठीमागे हसत असत, हे मला ठाऊक होते. हसणाऱ्यांपैकी एकाच्याही काळात गोदाम तसे राहिले नाही.

निवृत्तीनंतर कंपनी आम्हा दोघांना औषधे देते. ही खैरात नव्हे. चौतीस वर्षांच्या नोकरीतून मिळवलेला तो हक्क आहे, आणि मी तो हक्क म्हणूनच वापरतो. पूर्वी औषध कुठूनही आणावे आणि पावत्या मुख्य कार्यालयाला पाठवाव्यात, अशी सरळ पद्धत होती. आता कार्ड आले. गावातले एकच मेडिकल कार्डासाठी नेमलेले. तिथे डॉक्टरांची चिठ्ठी संगणकात चढवतात, माझ्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो सांगितला की सहा पट्ट्या, म्हणजे साठ गोळ्या, महिन्याभरासाठी हातात पडतात. त्यानंतर तीस दिवस पुरे होईपर्यंत कार्डाला कुलूप.

त्या सोमवारी सकाळी मी डब्यातून पाचवी पट्टी काढली आणि डबा रिकामा झाला. सहावी पट्टी तिथे असायला हवी होती. कार्ड उघडणार होते पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी, आणि हातातली पट्टी शुक्रवारच्या संध्याकाळपर्यंतच पुरणार होती. मध्ये पाच दिवस उघडे पडत होते. बीबीला दोन दिवसही निघाले नव्हते.

मेव्हण्यांनी इथे नीट लक्ष द्यावे. गोळ्या संपण्याच्या पाच दिवस आधी, त्याच सकाळी, मी मेडिकलवर उभा होतो.

दुकानदार चाळिशीतला, स्वभावाने वाईट नाही. पण संगणकावर त्याचा जितका विश्वास आहे तितका समोरच्या माणसावर नाही.

"काका, दहा दिवस अगोदर आले तुम्ही. लॉक हाय कार्ड."

"मी अगोदर आलेलो नाही. गोळ्या अगोदर संपत आहेत."

"तेच तं म्हणून राह्यलो. साठ नेल्या ना तुम्ही?"

"साठ नेल्या. इथेच, या काचेवर मोजून नेल्या. तुम्ही कमी दिल्या असे मी म्हणत नाही."

"मंग भांडण कोनाशी हाय काका?"

मागे उभ्या असलेल्यांत खसखस पिकली. एक बाई म्हणाल्या, "घरी काकूले इचारा. मसाल्याच्या डब्यात ठेवली असन." आणखी हशा झाला.

दुकानदाराने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. मुदतीआधी औषध हवे असेल तर कारण निवडायचे होते आणि कारणे चार होती: औषध हरवले, औषध खराब झाले, प्रवासाला जायचे आहे, डॉक्टरांनी मात्रा वाढवली.

"हरवली दाबतो. दोन मिन्टाचं काम हाय. ओटीपी सांगा."

"त्याच्या खाली बारीक अक्षरात काय लिहिले आहे, ते वाचा."

त्याने डोळे बारीक करून वाचले. औषध सांभाळून ठेवण्यात माझ्याकडून हयगय झाली हे मी मान्य करतो, अशा अर्थाचे ते वाक्य होते. "कोन वाचते हे काका? इतके दिवस झाले, म्याच आज पह्यल्यांदा वाचलं."

"मी वाचतो," मी म्हणालो, "आणि जे वाचून खोटे वाटते, त्याला मी संमती देत नाही."

या ठिकाणी लोक विचारतात, की रोखीने एक पट्टी घ्यायला काय झाले होते? तेवढे मलाही सुचले होते. मी रोख मागितली. दुकानदाराने सांगितले, की या जातीच्या गोळीची दुकानात वेगळी नोंदवही ठेवावी लागते. चिठ्ठीवरचे महिन्याचे माप एकदा दिले की त्याच चिठ्ठीवर रोखीनेही देता येत नाही, नवी चिठ्ठी आणा. चिठ्ठी देणारे मेंदूचे डॉक्टर महिन्यातून एकदा चिखलीला येतात आणि ते आदल्याच आठवड्यात येऊन गेले होते. त्यांच्या मोठ्या दवाखान्यात फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, पेशंटला घेऊन संभाजीनगरला या, पुढच्या बुधवारचा नंबर मिळेल. गावातल्या डॉक्टरांकडे मी मंगळवारी गेलो. त्यांनी हात जोडले. "सर्दी-तापाचं सांगा, लगेच लिहून देतो. हे माझं काम नाही." यात हट्ट कुठे बसतो, ते मला दाखवावे.

सोमवारची सारी दुपार मी घर शोधण्यात घालवली. कपाटे उपसली, देव्हाऱ्याखाली पाहिले, त्या बाईंचा मान राखून मसाल्याचा डबाही उघडला. पत्नी अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती.

"असन कुठं तरी," एवढेच ती म्हणाली. मान वर केली नाही. मला ते तेव्हा खटकायला हवे होते. खटकले नाही.

मंगळवारी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर एक मुलगी बोलली. तिचा आवाज इतका गोड होता की संताप कुठे ठेवावा ते कळेना.

"गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, सर. तुम्ही कारण निवडा, लगेच मंजूर होईल."

"कारण मला माहीत नाही. माहीत नसलेले कारण निवडू कसे?"

"सर, 'माहीत नाही' असा पर्याय नाहीये."

"मग तो घाला."

"तुमची सूचना नोंदवून घेते, सर. आणखी काही मदत करू शकते का?"

आधीची कोणती मदत झाली, असे मी विचारले. तिने पुन्हा दिलगिरी व्यक्त केली.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. त्याला कोणी कळवले कोण जाणे. या गावात बातमीला कार्ड लागत नाही. "बाबा, हरवली म्हणा आणि मोकळे व्हा ना. एवढं काय त्यात? आणि तुम्ही चुकून डबल तर नाही ना दिली आईला?"

"कॅलेंडर पाहायला ये."

"बाबा, मी रागावून विचारत नाहीये."

"मी रागावून सांगतो आहे."

त्याने फोन आईकडे द्यायला सांगितले. ती स्वयंपाकघरात जाऊन हळू आवाजात बोलली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. मुलाने माझ्या स्मरणशक्तीबद्दल तिला काही तरी विचारले होते, हे मी ओळखले.

बुधवारी मी पुन्हा मेडिकलवर गेलो आणि गुरुवारीही गेलो. गुरुवारी आवाज चढला, हे मी नाकारत नाही. दुकानदार म्हणाला, "काका, उद्या संध्याकाळी काकूची शेवटची गोळी हाय, अन् तुम्ही इथं शब्दासाठी भांडून राह्यले!" मी काचेवर हात आपटला. तळहात आपटला, मूठ नव्हे. टपरीवरची काच इथून फुटली असावी.

त्याच वेळी घरी पत्नी पडली.

अंगणात धुण्याच्या दगडापाशी शेवाळ धरले होते, मी ते आठवडाभर घासायचे म्हणत होतो, आणि बादली उचलताना तिचा पाय घसरला. झटका नव्हता. झटक्यात माणसाची शुद्ध जाते. तिला पडण्याआधीचे आणि नंतरचे सारे सांगता येत होते. जीभ चावली गेलेली नव्हती. शेजारणीने हाक मारली तेव्हा तिने पहिल्या हाकेला ओ दिली आणि धुणे उचलून ठेवायला सांगितले. मनगट तेवढे सुजले. शिवाय त्या दिवशीची सकाळची गोळी मी स्वतः दिली होती, आडवी रेघ कॅलेंडरवर आहे. मेव्हण्यांनी हे सारे ऐकूनही झटका म्हणायचेच ठरवले आहे. त्यांना बोलणारा मी कोण? मी घरात नव्हतो. एवढी एक गोष्ट ते खरी सांगतात. जिच्यासाठी भांडत होतो ती जमिनीवर पडली होती आणि मी भांडत होतो.

मेव्हणे संध्याकाळी आले, बहिणीचे मनगट पाहिले आणि मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "जिजाजीचं आता ध्यान राहत नाही. पोराकडं पुण्याले जा म्हणा दोघं."

ते गेल्यावर पत्नीने मनगटावरचे फडके सैल केले. मग म्हणाली, "तुमचं ध्यान चांगलं हाय. पट्टी म्या देल्ली."

"कोणाला दिली?"

"आपली भाजीवाली. तिच्या पोरीले."

ही भाजीवाली जवळच्या खेड्यातून टोपली घेऊन येते आणि आमच्या ओट्यावर पाणी प्यायला टेकते. तिच्या मुलीलाही हाच आजार आहे, हे मला माहीत नव्हते. मुलीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून मिळत, तिथे त्या संपल्या होत्या. उद्या या, परवा या, असे चालले होते. आमच्याकडे औषध आणायला निघताना लोक चिठ्ठी नेत नाहीत, रिकामी पट्टी नेतात. ती बाईही भाजीच्या टोपलीत रिकामी पट्टी घेऊन गावभर विचारत फिरत होती. पत्नीने ती पट्टी आपल्या पट्टीशेजारी ठेवून पाहिली. तेच नाव, तोच आकडा.

"मंग उसनी देल्ली," पत्नी म्हणाली.

मी हे दोनदा ऐकून घेतले. आमच्या भागात विरजण उसने देतात, चहापत्ती देतात, पाहुणे आले तर सतरंजी आणि पातेलीही देतात आणि त्यात कोणाला काही वाटत नाही. पण झटक्याची गोळी! मी रागावलो. मोठ्याने रागावलो, तेही तिचा हात सुजलेला असताना. औषध म्हणजे विरजण नव्हे, डॉक्टरांनी एकाला लिहिलेले दुसऱ्याला द्यायचे नसते, त्या मुलीला काही झाले असते तर, कंपनीला कळले तर कार्ड जाईल, असे सारे मी म्हणालो आणि त्यातले एकही वाक्य मी आज मागे घेत नाही.

"पोरीच्या दोन दिवस गोळ्या नव्हत्या," ती म्हणाली. "दोन दिवसानं काय होते, ते तुम्ही बाहेरून पाह्यलं. मले आतून माहीत हाय."

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"अन् मले वाटलं, कंपनी देते तं संपल्यावर आणखी देईन. कुलूप रायते हे मले कोनं सांगतलं? कार्ड तुमच्या खिशात, मोबाइल तुमच्या खिशात."

"सोमवारी का नाही सांगितले?"

"तुम्ही कंपनीले सांगतलं असतं."

सांगितलेच असते.

खरे तर त्या रात्री मला बरे वाटायला हवे होते. जिन्नस हरवलेली नव्हती, दिलेली होती. पण पडद्यावरच्या चार कारणांत 'उसनी दिली' हे कारण नव्हते. ज्याने ती यादी केली, त्याच्या आईने कधी शेजारणीला वाटीभर साखर दिली नसेल काय?

शुक्रवारी सकाळी मी पत्नीला गोळी दिली. पट्टीत एकच उरली. मग मी कंपनीच्या मुख्य कार्यालयाला अर्ज लिहायला बसलो. झालेली सर्व हकीकत, भाजीवालीचा उल्लेख न टाळता, पण ती कोण हे न सांगता, मी शुद्ध भाषेत मांडली आणि शेवटी विनंती केली की सत्य कारणावरून पाच दिवसांचे औषध मंजूर करावे. पत्नीने विचारले काय लिहिता, म्हणून तिला वाचून दाखवले.

"अन् कार्ड बंद केलं तं?"

"तर भांडेन."

"भांडा. आजची संध्याकाळ तेवढी जाऊ द्या," ती म्हणाली.

मी आंघोळीला गेलो. बाहेर आलो तेव्हा घर रिकामे होते आणि खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात ना कार्ड होते, ना मोबाइल. मी ओल्या अंगावर सदरा चढवला आणि निघालो. वेशीच्या वळणावरच ती समोरून येताना दिसली. एक हात गळ्यातल्या फडक्यात, दुसऱ्या हातात मेडिकलची कागदी पिशवी.

"काय निवडलेस?"

"हरवली."

"खालचे वाक्य वाचलेस?"

"त्यानं वाचून दाखवलं. म्हने, काका हेच्यासाठी चार दिवस भांडले. म्या म्हनलं, दाब." मग पुढे, "ओटीपी म्याच वाचला. तुमच्याच मोबाइलवर आल्ता."

तिने मोबाइल माझ्या हातात दिला. पडद्यावर माझ्या नावाने आभार मानलेले होते. माझी घोषणा स्वीकारली गेली होती आणि माझी विनंती मंजूर झाली होती. चार दिवस खरे बोलून जे कुलूप हलले नाही, ते एका खोट्या शब्दाने, तिच्या म्हणण्याप्रमाणे, दुकानदाराचा चहा कपात ओतून होण्याआधी उघडले. इतक्या वर्षांच्या संसारात ही बाई माझ्या माहितीत कधी खोटे बोललेली नव्हती. आणि पहिल्यांदा बोलली ती माझ्या नावाने.

मी रस्त्यातच बोललो. बरेच बोललो. येणारे-जाणारे थांबून ऐकत होते, त्यांच्याकडून एखादी चौथी आवृत्ती आता निघेल. माझी चौतीस वर्षे, माझे गोदाम, माझ्या नावावर लागलेला हयगयीचा डाग, सारे तिला ऐकवले. ती माझ्या चालीने चालत होती, मी वेग कमी केला नाही, याची आठवण मला आता चांगली वाटत नाही.

संध्याकाळी जुन्या पट्टीतली शेवटची गोळी मी तिला दिली आणि डब्यात नवी पट्टी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्या सकाळी एरवी तिच्या हातावर ठेवायला माझ्याजवळ काही उरले नसते, त्या सकाळी ती नेहमीप्रमाणे हात पुढे करून बसली होती. मी नव्या पट्टीतून गोळी काढली, पण दिली नाही.

"तिथे कायमचे तसे लिहिलेले राहील," मी म्हणालो. "मी निष्काळजी होतो म्हणून. मी मेल्यावरही."

"मंग तुम्ही घरी खरं लिवा," ती म्हणाली. "लंबं लिवा, सगळ्याइचं नाव गाळून लिवा, मले वाचून दाखवा. आधी गोळी द्या, अन् पानी द्या. बसली हाय मी केव्हाची."

मी पाणी आणले.